आडव्या फणसाचा ठराव

गोदाचा फणस आषाढात पडला, ही त्या फणसाची पहिली चूक. पडायचंच होतं तर गणपतीत पडायचं, नाहीतर शिमग्याला. म्हणजे ज्यांनी काय ते ठरवायचं ती माणसं जागेवर असतात. राजापूर तालुक्यातल्या त्या वाडीत आषाढात बायका, म्हातारे आणि गुरं एवढीच वस्ती उरायची. मिसरूड फुटलेला प्रत्येक पुरुष मुंबईला गिरणीत. अशा दिवसांत पडणाऱ्या झाडाला काही पोच नव्हती असंच म्हणायला हवं.

वाडी राजापूर तालुक्यात असली तरी तिचं राज्य परळहून चालत असे. परळच्या एका चाळीत वाडीची सामायिक खोली होती. एरवी तिथं पाळीपाळीनं माणसं झोपत. महिन्यातल्या एका रविवारी तीच माणसं आंघोळी करून, भांग पाडून, सतरंजीवर मांडी घालून बसली की त्या खोलीचं मंडळ व्हायचं. देवळाला चुना कधी काढायचा, पाणंद कोणाच्या कुंपणाजवळून न्यायची, अमक्याची मुलगी तमक्या गावात द्यावी की नाही, हे सगळं मंडळ ठरवी. एकदा वाडीच्या विहिरीत कुत्रं पडून मेलं, तेव्हा ते बाहेर काढायचं की नाही यावरही मंडळाची सभा झाली होती, आणि काढायचं असं एकमतानं ठरलं तोवर वाडीतल्या बायका बाजूच्या वाडीतून पाणी भरून दमल्या होत्या. पण हरकत कोणी घ्यायची? मनिऑर्डरी तिकडून येत, आणि मनिऑर्डरीबरोबर अक्कलही येते अशी वाडीची समजूत होती.

ह्या मंडळाचा अध्यक्ष महिपत, म्हणजे गोदाचा थोरला दीर. गिरणीत साच्यापुढे उभं राहून त्याला आठवडाभर जॉबरचं, म्हणजे मुकादमाचं, ऐकून घ्यावं लागे. त्यामुळे रविवारी दुसऱ्यांना ऐकवायची त्याला दांडगी भूक लागलेली असायची. गोदाचा नवरा काशीराम ह्याच मंडळाचा सभासद होता. सभेत तो नेहमी दाराजवळ बसे, आणि हात वर करायची वेळ आली की आधी दादाच्या हाताकडे बघे.

तर फणस पडला. भर दुपारी वाऱ्यानं दिशा बदलली, कौलं खडखडली, आणि घरामागच्या परड्यातून असा काही आवाज आला की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. गोदा इरलं घेऊन धावली. फणस अळवावर आणि केळींवर आडवा झाला होता. एका बाजूची मुळं लाल मातीचा ढेपसा घेऊन वर आली होती. दुसऱ्या बाजूची अजून जमिनीत होती. म्हणजे पडला होता, पण मेला नव्हता. गोदा तिथंच चिखलात बसली आणि रडली.

तो फणस तिनं लावला होता. लग्न होऊन आली त्या वर्षी माहेरच्या काप्या फणसाची आठळ तिनं ह्या परड्यात पुरली. परड्यात काय आणि घरात काय, सगळीकडे मालकी दिराची. तिची म्हणावी अशी एकच वस्तू, ती ही. भांडी घासलेलं पाणी तिनं त्याला घातलं, शेळ्यांपासून राखला, आणि ज्या वर्षी पहिला फणस लागला त्या वर्षी अख्ख्या वाडीला गरे वाटले. कडक, गोड, आणि चिकाचं नाव नाही. आठळ्या राखेत पुरून ठेवायच्या, पावसात भाजीला काही नसलं की त्याच तारून न्यायच्या. सात-बारावर मात्र परडं सगळ्या भावांचं सामायिक, म्हणून फणसही सामायिक. लावताना तो कोणाचाच नव्हता. फळायला लागल्यावर सगळ्यांचा झाला.

तिनं डोळे पुसले आणि सखाराम गुरवाकडे गेली. सखाराम म्हणजे देवीचा पुजारी आणि वाडीत उरलेल्या म्हाताऱ्यांतला त्यातल्या त्यात उभा राहू शकणारा.

"काका, फनस पडलाय. पन धरलेलां मूळ हाय. माती ओली हाय तवर माणसां घालून उभा करूया," गोदा म्हणाली.

सखारामानं पानाची पिंक टाकली. "करूया की. मुंबयला कळवलांस?"

"मुंबयला काय कळवायचां? पडलाय हितां."

"सामायकातला हाय बाय. उद्या महिपत म्हनल, कोनी हात लावला. मंग मी काय सांगू त्येला? आदी कळवूया."

राजापूरहून मुंबईला जाणाऱ्या एका माणसाबरोबर निरोप गेला. इकडे फणसाची पानं खाली मान घालायला लागली. गोदा रोज सकाळी उघड्या मुळांवर ओली पोती टाकी आणि मुंबईच्या दिशेनं बघे. तिकडून यायचा तो पाऊसच येत होता.

शेवटी शेजारच्या जनीला ते बघवेना. जनी विधवा, तोंडानं फटकळ, आणि वाडीतली एकुलती एक बाई जिला मुंबईहून मनिऑर्डर येत नसे. त्यामुळे तिला मुंबईची भीतीही नव्हती.

"गोदे, दोर हाय?" तिनं विचारलं.

"गुरांचा हाय."

"माजा विहिरीवरचा हाय. आनि बायका हायत. मुंबय हवी कशाला?"

लावणी आटपून वाडीतल्या बायका जरा मोकळ्या झाल्या होत्या. सगळ्या कासोटा घालून आल्या. आधी कोयत्यानं वरच्या फांद्या छाटून ओझं उतरवलं. मुळांखालचा खड्डा मोकळा केला. समोरच्या आंब्याच्या बुंध्याला दोराचा वेढा घेतला. निम्म्या ओढायला, निम्म्या खालून बांबूनं रेटायला. पाय घसरून पडत होत्या, हसत होत्या, एकमेकींच्या नवऱ्यांची नावं घेऊन नको ते बोलत होत्या. फणस कुरकुरला, हलला, आणि हळूहळू उठून बसला. मग त्याला मेढींचे टेकू दिले, माती दाबली, वर दगड रचले, शेणकाला ओतला. जनीनं बुंध्यावर थाप मारली आणि म्हणाली, "आता ऱ्हा उभा. आनि परत पडशील तर गणपतीत पड."

ह्यानंतर मुंबईचा निरोप आला. झाडाला कोणी हात लावू नये. मंडळानं विषय घेतला आहे. सभेत ठरेपर्यंत फणस आहे त्या स्थितीत ठेवावा.

"हाय त्या स्थितीतच हाय," जनी म्हणाली, आणि सगळ्या बायका पोट धरून हसल्या. गोदाही हसली. आपण काही चूक केली असं तिला वाटलंच नाही. झाड जगतंय म्हटल्यावर कोणी कशाला रागावेल? ती मनानं साधी होती, आणि तिनं कधी मंडळाची सभा बघितली नव्हती.

तिकडे परळच्या खोलीत फणसानं मोठी खळबळ उडवून दिली होती. निरोप पोचल्यापासून सतरंजीवर दोन तट पडले होते. एक तट म्हणे, फणसाचं लाकूड पिवळंजर्द, कीड न लागणारं. तोडून भावांच्या घरांना चौकटी कराव्यात. दुसरा तट म्हणे, देवीची पालखी मोडायला आली आहे, तेव्हा लाकूड देवीला द्यावं. झाड उभं करावं असंही कोणीतरी एकदा बोलून गेलं. बहुधा पाळीवरून झोपेत आलेला कोणी असावा. चौकटवाले आणि पालखीवाले इतके भांडले की चाळीच्या मालकानं खोली रिकामी करायची धमकी दिली. तेव्हा महिपतनं अध्यक्षाला शोभेल अशी तोड काढली. खोलीतल्या देवीच्या तसबिरीपुढे त्यानं नारळ ठेवला आणि सगळ्यांच्या साक्षीनं गाऱ्हाणं घातलं: "आई, आमचा पडलेला फणस उभा करावा की तोडावा, ते आम्ही गणपतीला येऊन तुला विचारू. तू कौल देशील तसं करू."

आता असा नारळ ठेवला म्हणजे विषय संपला. तो कौल लागल्याशिवाय फोडता येत नाही, गाऱ्हाण्यातला शब्द फिरवता येत नाही. देवीला एकदा विचारू म्हटलं की विचारायलाच हवं, आणि म्हटलं तेच विचारायला हवं; नाहीतर तिचा कोप. हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. तो नारळ रुमालात बांधून, मांडीवर घेऊन, महिपत एस.टी.नं राजापूरला उतरला. पायात बूट, अंगात टेरिकॉटचा सदरा, आणि घड्याळ बाहीच्या वर, म्हणजे बघणाऱ्याला त्रास नको. मागे सगळं मंडळ.

घरी येऊन त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. "फणस कुठाय?" असं म्हणत तो परड्यात शिरला आणि जागच्या जागी थांबला. फणस उभा होता. छाटलेल्या फांद्यांना कोवळी तांबूस पानं फुटली होती. वाऱ्यावर ती हलत होती, आणि महिपतला ती आपल्याला वेडावत आहेत असं वाटलं असावं, कारण त्याचा चेहरा त्याच रंगाचा झाला.

"हा उभा कसा?"

गोदा पदर सारखा करून पुढे आली. तिला वाटलं, दीर शाबासकी देणार. "आमी बायकांनी केलाव, भावजी. जगलाय बघा. कवळी पानां आलीत."

"जगला तो प्रश्न नाही, गोदा," महिपत म्हणाला. सभेत बोलायचं मराठी त्याच्या तोंडात बसलं होतं, ते तो घरीही वापरी. "कोणाला विचारून जगला, हा प्रश्न आहे."

संध्याकाळी गोदाच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सभा बसली. मधे पाटावर नारळ. महिपतनं पेच मांडला. मंडळानं देवीपुढे पडलेल्या फणसाचं गाऱ्हाणं घातलं आहे. इथं पडलेला फणसच नाही. उद्या देवीपुढे जाऊन पडलेला फणस म्हणायचं, म्हणजे देवीशी खोटं बोलायचं. उभा फणस म्हणायचं, तर ते गाऱ्हाणं मंडळानं घातलेलंच नाही. आणि न विचारता नारळ तसाच ठेवायचा, तर कोप कोणी झेलायचा?

मंडळी गंभीर झाली. चौकटवाले आणि पालखीवाले पहिल्यांदाच एका बाजूला बसले. सखाराम गुरव जरा चुळबुळला.

"मी काय म्हनतो, देवीला सांगूया, बाय, फनस उटून बसला, तुजीच किरपा. आनि नारळ फोडून खाऊया," तो म्हणाला.

"काका, तुमच्या मनाला येईल ते देवीला सांगायचं असेल तर मंडळ हवं कशाला?" महिपतनं विचारलं.

ह्या प्रश्नाचं खरं उत्तर सगळ्यांना माहीत होतं, पण ते द्यायची ही वेळ नव्हती. महिपतलाही ते कळत होतं, आणि त्याचं दुखणं नेमकं तेच होतं. झाड मेलं असतं तर तो चार समजुतीचे शब्द बोलला असता. पण त्याला न विचारता बायकांनी ते उभं केलं, आणि वर ते जगलंही. एक झाड असं जगलं तर उद्या वाडीत आणखी काय काय जगेल, याचा नेम नव्हता.

"यावर मार्ग एकच," तो म्हणाला. "फणस पूर्ववत करायचा. आडवा. मग देवीला रीतसर विचारायचं. देवी म्हणाली उभा करा, तर करू. आपली काही फणसाशी दुष्मनी नाही."

गोदाला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा ती खळ्याच्या कडेवरून सरळ मधे आली. वाडीत सभेच्या मधे बाई कधी आली नव्हती.

"भावजी, आता पाडलात तर जगायचा नाय. बारीक मुळां आत्ता कुटं धरतायत. ती तुटली तर परत नाय येनार. पाया पडतंय तुमच्या. हवा तर देवीला माजा गुन्हा सांगा, मी नाक घासतंय तिच्यापुढं. फनस ऱ्हावंदे."

तिनं काशीरामाकडे पाहिलं. तो दाराजवळ बसला होता, सवयीनं. त्याला तो फणस ठाऊक होता. ती पाणी घालायची तेव्हा हाच घागर उचलून द्यायचा. पहिला फणस ह्यानंच उतरवला होता आणि हाताला तेल लावून ह्यानंच फोडला होता. तो एक शब्द बोलला असता तर ती झाडापुढे उभी राहिली असती. परडं त्याच्याही नावाचं होतं. गोदानं वाट पाहिली.

महिपतनं हात वर केला. काशीरामानं दादाच्या हाताकडे बघितलं आणि आपला हात वर केला.

दुसऱ्या दिवशी मंडळानं टेकू काढले, दोर लावला आणि फणस पाडला. माणसं जोरदार होती, गिरणीत कसलेली; वेळ लागला नाही. आतली मुळं तुटताना जुनेर लुगडं फाडल्यासारखा आवाज झाला. गोदा चुलीपुढे बसली होती, तिथं तिला तो ऐकू आला. काशीराम दोराच्या शेवटच्या टोकाला होता. आपण फारसा जोर लावला नाही, असं त्यानं तिला नंतर सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं त्याच्या ताटात आपल्या हातानं भात वाढला नाही. भांडं पुढे सरकवलं.

मग सगळे नीटनेटके कपडे करून देवळात गेले. सखारामानं देवीच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओले तांदूळ चिकटवले. उजवीकडचे आधी पडले तर उभा करावा, डावीकडचे पडले तर तोडावा. महिपतनं गाऱ्हाणं घातलं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. सगळे टक लावून बसले. उजवीकडचे तांदूळ पडले.

"उभा करा म्हनते आई!" सखाराम ओरडला, आणि सगळ्यांच्या आधी त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. ते कशासाठी आलं, हे त्याला कोणी विचारलं नाही.

मंडळींना इतका आनंद झाला म्हणून सांगू! चौकटवाल्यांनी पालखीवाल्यांना मिठ्या मारल्या. ढोल काढला. फणस पुन्हा उभा करण्यात आला, ह्या वेळी रीतसर. आधी नारळ फुटला, मग हारतुरे झाले. एकानं मुंबईहून कॅमेरा आणला होता. दोराला हात लावून महिपतचा फोटो निघाला, आणि फोटो नीट येईना म्हणून फणस तिरका धरून सगळे तसेच ताटकळले. मग महिपतनं भाषण केलं. देवीच्या कृपेनं आणि मंडळाच्या अथक प्रयत्नांनी एका पडलेल्या झाडाला जीवदान मिळालं, असं तो म्हणाला. तसं लिहिलेली टिनाची पाटी राजापूरहून रंगवून आणली आणि दोन मोठे खिळे मारून फणसाच्या बुंध्यावर ठोकली. खिळ्याच्या जागी चीक आला. तो पुसायला कोणाला वेळ नव्हता, कारण गोदाला सगळ्यांचा चहा करायचा होता आणि बाकीच्यांना तो प्यायचा होता.

"देवीनं तुजांच ऐकलांन गो," जनी चुलीशी येऊन म्हणाली.

"माजां आदीच ऐकलां व्हतांन," गोदा म्हणाली. "तिला परत इचारायला ह्यांनी माजां झाड मारलांनी."

गौरी-गणपती पाण्यात गेले, मंडळ एस.टी.त बसलं. गोदानं जे जमेल ते केलं. शेणकाला घातला, पाणी घातलं, मुळाशी पालापाचोळा पसरला. नवरात्रात कोवळी पानं काळी पडली. दिवाळीला सगळी पानं खाली होती आणि साल सुटायला लागली होती. पाटी तेवढी टवटवीत होती.

आणि मग जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. चार दिवसांत मिटेल, आठ दिवसांत मिटेल, असं करत करत शिमगा आला. शिमग्याला मंडळ गावी आलं ते परत गेलंच नाही. खोलीचं भाडं थकलं आणि मालकानं कुलूप घातलं, तेव्हा परळचं राज्य सतरंजीसकट गोदाच्या खळ्यात येऊन बसलं. आता सभा रविवारीच असं राहिलं नाही. रोज सकाळी पेज पिऊन झाली की सभा. मनिऑर्डर बंद झाली होती, अक्कल मात्र अजून तितकीच येत होती.

विषयही तोच होता. मेलेल्या फणसाच्या चौकटी कराव्यात की पालखी? त्याआधी तो मेला कशानं, याचा छडा लावायला हवा होता, आणि मंडळानं तो लावला. पहिल्या वेळी बायकांनी तो अडाणीपणानं उभा केला, त्यामुळे मूळ दुखावलं, असं सर्वानुमते ठरलं. गोदा तेव्हा शेजारीच उखळात भात कांडत होती. तिनं मुसळ थांबवलं नाही. त्या दिवशीचा भात जरा जास्तच कांडला गेला, एवढंच.

वैशाख अर्धा झाला. बाजूच्या वाड्यांतून पिकल्या फणसांचा वास येऊ लागला. हे सगळे बापये गडी भर उन्हात खळ्यात बसत, कारण परड्यातली सावली गेली होती, आणि पूर्वी ती कोणाची होती हे कोणी बोलून दाखवत नसे. वाळलेला फणस दिवसेंदिवस घराकडे कलत होता. कुजलेल्या मुळांवर तो पावसाळ्याचा पहिला वाराही काढणार नव्हता, आणि पडला असता तो थेट स्वयंपाकघराच्या कौलांवर. मंडळाला हे दिसत होतं. पण चौकटी की पालखी हे ठरल्याशिवाय कुऱ्हाड कशी लावायची?

एका दुपारी काशीराम सभेतून उठून आत आला. हल्ली तो सभेत दारापाशीही बसत नव्हता. उंबऱ्याच्या आत बसे. गिरणी सुटल्यापासून त्याला हातांचं काय करावं तेच कळत नव्हतं. गोदा कुळीथ निवडत होती.

"गोदा," तो म्हणाला, "फनस घरावर येल. काय करूया?"

संसार सुरू झाल्यापासून हा प्रश्न त्यानं तिला पहिल्यांदा विचारला होता. तिनं सूप खाली ठेवलं, माळ्यावरून कुऱ्हाड काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"तोडा."

त्यानं कुऱ्हाड घेतली. दोन पावलं गेला, आणि सवय कुठली जायला, खळ्याकडे वळला. "दादाला इचारून येतो."

"इचारा," गोदा म्हणाली. "आनि दादा काय सांगल तां ऐकून तिकडंच जेवा. रातच्याला झोपा पन तिकडंच. त्या दिवशी दोर वडलात तवा मी गप ऱ्हायलंय. आज नाय ऱ्हायाची. माजां झाड तुमी पाच मानसांच्या देखत मारलांत आनि माज्याकडं बघितलां पन नाय. आता ह्यां घर पन तसांच पाडायचां असंल तर आदी मला सांगा, मी माहेरची वाट धरतंय."

ती ओरडली नाही. त्यामुळेच खळ्यात सगळ्यांना ऐकू गेलं. सभा थांबली.

काशीराम तिथंच उभा राहिला, कुऱ्हाड हातात, घामानं भिजलेला. एका बाजूला खळं होतं, दुसऱ्या बाजूला परडं. मग तो परड्यात गेला आणि टिनाच्या पाटीच्या खाली पहिला घाव घातला.

महिपत धावत आला. मागून मंडळ. "काशीराम! अरे, ठराव झालेला नाही! तुला तोडायला सांगितलं कोणी?"

काशीरामानं कुऱ्हाड खाली ठेवली नाही. दादाकडे बघितलंही नाही.

"हिनां," तो म्हणाला, आणि दुसरा घाव घातला.

गोदा मागच्या दारात उभी होती. आपल्या नवऱ्याच्या तोंडून भर मंडळापुढे हे ऐकायला मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. तिला बरं वाटलं. आणि लगेच इतका राग आला की दाराची चौकट तिनं घट्ट धरली. हाच एक शब्द त्यानं गणपतीत काढला असता, तर आज तो त्याच झाडाखाली बसून गरे खात असता.